भाऊ, पक्कं बिल द्या!

दोस्तांनो, दुकानात गेल्यावर गल्ल्यामागच्या भिंतीकडे कधी नीट पाहिलंय का? कधी कधी मालापेक्षा तिथल्या पाट्या वाचण्यातच जास्त मजा असते. 'आज नगद, कल उधार' ही पाटी तर ठरलेलीच. उद्या गेलात तरी तिथे 'कल'च लिहिलेलं असतं! कापडाच्या दुकानात 'फॅशन के दौर में गारंटी की इच्छा ना करें' असा उपदेश टांगलेला असतो. या दोन पाट्या वाचून आपण हसतो. पण शेजारीच एक तिसरी पाटी असते, 'एक बार बिका हुआ माल वापस नहीं होगा'. ती वाचून कोणी हसत नाही. उलट सगळे ती खरी मानतात. मोठी माणसंसुद्धा! आज आपल्याला बोलायचंय ते या तिसऱ्या पाटीबद्दल.

त्यासाठी जरा महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि पूर्वेच्या अगदी टोकाला बोट न्या. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोंदिया लागतं, मग आमगाव, आणि मग सालेकसा. पुढे दरेकसा, जिथला हाजरा फॉल बघायला पावसाळ्यात माणसं गर्दी करतात. त्यानंतर गाडी छत्तीसगडात शिरते. सालेकसा हे तालुक्याचं गाव. भोवती धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल आणि डोंगर. याच तालुक्यात कचारगडची प्रसिद्ध गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंडी बांधवांची मोठी यात्रा भरते.

आता समजा, या तालुक्यातल्या एका घरात धानाचे चुकारे आले. (चुकारे म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे. तिकडच्या मुलांना हा शब्द सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितला.) नववीतल्या ताईच्या अभ्यासाला आणि घरालाही उपयोगी पडेल म्हणून एक मोबाइल घ्यायचं ठरलं. बाबा ताईला घेऊन गोंदियाला गेले आणि साडेनऊ हजारांचा फोन घेऊन आले. बाराव्या दिवशी सकाळी बघतात तर फोनच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ! फोन पडला नव्हता, भिजला नव्हता, धाकट्या भावाने हातही लावला नव्हता.

बाबा पुन्हा गोंदियाला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, आम्ही फक्त विकतो. बनवते कंपनी. सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "ठेवून जा, आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी फोन मिळाला. घरी येईपर्यंत चांगला चालला आणि तिसऱ्या दिवशी रेघ परत हजर. दर खेपेला गाडीभाडं, वर एक दिवसाची रोजी बुडते. रोवणीचे दिवस असतील तर विचारूच नका. चौथ्या खेपेच्या वेळी बाबा म्हणतात, "जाऊ दे. आपलं नशीब."

ही गोष्ट मी रचली, हे खरं. पण असं घर तुमच्या गल्लीत एक तरी सापडेल. आणि दोस्तांनो, ती तिसरी पाटी टिकून आहे ती बाबांच्या त्या 'जाऊ दे'वर. कायद्याचा तिला आधार नाही.

कायदा काय म्हणतो ते बघू. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याआधी १९८६ सालचा कायदा होता. त्यावर २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून आपण २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. तुमच्या शाळेतही त्या दिवशी भाषणं होत असतील. गंमत बघा, भारतात पहिला मोबाइल फोन वाजला ३१ जुलै १९९५ ला. म्हणजे मोबाइलच्या आधी नऊ वर्षं मोबाइलवाल्यांसाठीचा कायदा तयार होता!

नव्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणत्या, याची मोठी यादी आहे. अनुचित म्हणजे जे करणं बरोबर नाही ते. त्या यादीत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, माल विकून बिल न देणं. दुसरी, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं. किती दिवसांत? बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत. बिलावर काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत. म्हणजे ताईच्या बिलावर मुदत नसेल, तर बाराव्या दिवशी बाबा दुकानात गेले ते अगदी वेळेवर गेले होते. "आम्ही फक्त विकतो" हे उत्तर तिथे चालत नाही. १९९९ सालीच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राज्यांना कळवलं होतं, की 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापणं हीच अनुचित प्रथा आहे. तरी पाट्या आहेत त्या आहेतच. रंग उडाला की नव्याने रंगवतातसुद्धा!

पण थांबा. लगेच उड्या मारू नका. कायद्यातला शब्द आहे 'सदोष'. फोनचा रंग आवडला नाही, मित्राचा फोन जास्त भारी निघाला, दोन दिवसांनी तोच फोन दुसरीकडे तीनशे रुपयांनी स्वस्त दिसला, यासाठी दुकानदाराने फोन परत घ्यावा असं कायदा म्हणत नाही. त्याने घेतला तर तो त्याचा चांगुलपणा. तसंच फोन तुमच्या हातून पडून काच फुटली तर तो दोष फोनचा नव्हे, हाताचा! आणि भिजवून "आपोआप बंद पडला" म्हणायची सोयही नाही. पुष्कळ फोनच्या आत एक छोटा पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. सर्व्हिस सेंटरवाला फोन उघडून आधी तोच बघतो. हाजरा फॉलखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तर आपला फोन खरोखर सदोष आहे असं धरू. आता पहिला प्रश्न, बिल कुठे आहे?

इथेच निम्मी मंडळी गार पडतात. दुकानात फोन घेताना काय होतं ते आठवा. दुकानदार एका चिठ्ठीवर फोनचं नाव आणि रक्कम खरडून देतो. ते कच्चं बिल. पक्कं मागितलं तर म्हणतो, "पक्कं पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल, बिनाबिलाचं दोनशे कमी देतो." बाबांना वाटतं, दोनशे वाचले. वास्तविक खोक्यावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. 'सर्व करांसहित' असं तिथेच लिहिलेलं असतं. त्या किमतीच्या वर कर म्हणून वेगळा पैसा मागायचा नाही. आणि ते वाचलेले दोनशे? फोन बिघडला की नऊ हजार पाचशेला पडतात. कारण हा फोन याच दुकानातून, याच तारखेला घेतला, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे ते पक्कं बिल. तेव्हा न लाजता म्हणायचं, "भाऊ, पक्कं बिल द्या." बाबांना संकोच वाटत असेल तर तुम्ही म्हणा. लहान मुलांनी मागितलं की दुकानदार हसतो, पण देतो.

बिलावर दुकानाचं नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, तारीख, फोनचं मॉडेल, किंमत हे सगळं हवं, आणि फोनचा आयएमईआय क्रमांकही हवा. हल्ली पुष्कळ बिलं गुळगुळीत कागदावर छापतात. त्याची शाई उन्हाने, उष्णतेने उडते आणि सहा महिन्यांत कागद कोरा होतो! म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि एक फोटोही काढून ठेवा. फोटो त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

आयएमईआय म्हणजे काय? हा प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा १५ आकडी क्रमांक. दोन सिम बसणाऱ्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर *#०६# दाबलं की तो पडद्यावर येतो. खोक्यावरही असतो. बिलावरचा, खोक्यावरचा आणि फोनमधला क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच ताडून बघायचं. घाईत एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला, तर उद्या दुकानदार म्हणेल, "हा फोन आमचा नाहीच."

आणि आता गणित आवडणाऱ्यांसाठी खाऊ. हा क्रमांक लिहिताना चूक झाली का, हे फोन हातात नसतानाही ओळखता येतं! पंधरापैकी शेवटचा आकडा नुसता तपासणीसाठी ठेवलेला असतो. उदाहरणार्थ ४९०१५४२०३२३७५१८ हा क्रमांक घ्या. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे सम जागांवरचे आकडे दुप्पट करा. दुप्पट करून दोन अंकी संख्या आली तर तिच्या दोन अंकांची बेरीज घ्या. म्हणजे ९ चे १८, आणि १ अधिक ८ पुन्हा ९. असे सात आकडे येतील : ९, २, ८, ०, ४, ५, २. त्यांची बेरीज ३०. उरलेले विषम जागांवरचे आकडे आहेत तसेच मिळवा : ४, ०, ५, २, ३, ३, ५ आणि शेवटचा ८. त्यांची बेरीज ३०. एकूण ६०. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला की क्रमांक जुळला. एक जरी आकडा चुकला असेल तरी भाग जात नाही. आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून नावाच्या इंजिनियराने ही युक्ती शोधली आणि १९५४ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोबाइल तेव्हा स्वप्नातही नव्हता. बँकेच्या एटीएम कार्डावरचा क्रमांकही याच युक्तीने तपासतात. (पण कार्डाचा क्रमांक वर्गात फळ्यावर लिहून सोडवत बसू नका हं!)

असो. पुन्हा ताईच्या फोनकडे.

फोनमध्ये दोष दिसला की पहिल्यांदा त्याचा पुरावा करायचा. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून व्हिडिओ काढा, तारखेसह. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून 'जरा उघडून बघा' असं मुळीच करायचं नाही. तो कितीही हुशार असला तरी नको, कारण बाहेर उघडलेल्या फोनची वॉरंटी कंपन्या मानत नाहीत. सर्व्हिस सेंटरला फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, फोटो आणि वह्यांची पानं दुसरीकडे उतरवून ठेवा. पैसे पाठवायचा पिन तर कोणालाच सांगायचा नाही, 'तपासायला लागतो' म्हटलं तरी नाही.

आणि फोन ठेवून घेतल्याची पावती, जिला तिथे जॉबशीट म्हणतात, ती घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. तिच्यावर दोष काय लिहिलाय ते वाचा. पुष्कळदा 'फोन हँग होतो' असं काहीतरी मोघम लिहितात. 'पडद्यावर हिरवी रेघ' असंच लिहून घ्या. 'काच फुटलेली नाही, फोन भिजलेला नाही' हेही लिहून घेता आलं तर फारच छान. एकाच दोषाच्या दोन-तीन जॉबशीट झाल्या की दुरुस्तीने भागत नाही हे कागदच बोलायला लागतो. बाबांच्या त्या खेपा तेव्हा फुकट जात नाहीत.

बरं, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी दुकानदाराकडे. आपण कोणाला धरायचं? दोघांनाही! मोबाइलच्या आधीचं एक उदाहरण सांगतो. मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारी बनवणारी नावाजलेली कंपनी. तिची नवी म्हणून घेतलेली गाडी सदोष निघाली, तेव्हा एक ग्राहक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. २००४ साली न्यायालयाने विक्रेता आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं. म्हणून तक्रार लिहिताना दोघांचीही नावं घालायची.

मला विचाराल तर गोंदियातला छोटा दुकानदार काही राक्षस नसतो. त्याचे स्वतःचे पैसे वरच्या वितरकाकडे अडकलेले असतात, आणि परत घेतलेला फोन कंपनी त्याच्याकडून घेईल की नाही याची त्यालाच धास्ती असते. पण त्याची अडचण त्याने आणि कंपनीने सोडवायची. ती चौथ्या खेपेला बाबांच्या खिशातून सुटता कामा नये.

तोंडी भांडून काही होत नाही. आवाज तेवढा चढतो. त्यापेक्षा पत्र लिहा. शाळेत पत्रलेखन शिकतो ते मार्कांपुरतंच थोडंच असतं? हे बघा :

'प्रति, मालक, (दुकानाचे नाव), गोंदिया.
विषय : सदोष मोबाइल संच बदलून मिळणे किंवा किंमत परत मिळणेबाबत.
महोदय, मी आपल्या दुकानातून दि. … रोजी बिल क्र. … अन्वये … हा मोबाइल संच रु. ९,५०० ला विकत घेतला. आयएमईआय क्र. … . बाराव्या दिवसापासून पडद्यावर हिरवी रेघ दिसते. संच पडलेला अथवा भिजलेला नाही. दि. … रोजी सेवा केंद्रात दुरुस्तीस दिला (जॉबशीट क्र. …), परंतु दोष कायम आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत संच बदलून द्यावा किंवा किंमत परत करावी. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.
सोबत : बिल व जॉबशीटच्या झेरॉक्स प्रती.'

खाली बाबांची सही, पत्ता आणि तारीख. मूळ बिल कोणालाही द्यायचं नाही, फक्त झेरॉक्स. एक प्रत दुकानाला आणि एक कंपनीला. कंपनीचा पत्ता शोधायला कुठे जायला नको. ग्राहकाने तक्रार कुठे करावी त्याचा पत्ता, फोन आणि ई-मेल खोक्यावर छापणं सक्तीचंच आहे. (म्हणून खोका धाकट्या भावाला खेळायला देऊ नका.) टपाल कचेरीतून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा. पत्रात चिडायचं नाही, शिव्याशाप नाहीत, 'तुम्ही लबाड आहात' वगैरे नाही. तारखा आणि क्रमांक एवढंच. असं थंड पत्र वाचून समोरचा जास्त घाबरतो, हा माझा अनुभव आहे!

पत्राने काम झालं नाही तर १९१५ हा क्रमांक लक्षात ठेवा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट. मराठीतही बोलता येतं. ते तक्रार नोंदवून घेतात, तिचा क्रमांक देतात आणि कंपनीला कळवतात. ते न्यायालय नव्हे, त्यामुळे हुकूम काढू शकत नाहीत. पण पुष्कळ कंपन्या इथेच नमतं घेतात. तक्रार वर पोचलीय हे त्यांना कळतं ना!

आणि तरीही नाही झालं तर? तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा गोंदिया जिल्हा झाला. आता आयोग गोंदियालाच आहे.

सालेकसासारख्या गावाच्या दृष्टीने २०१९ च्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे. जुन्या कायद्यात दुकानदार किंवा कंपनी जिथे असेल, किंवा व्यवहार जिथे झाला असेल, तिथल्या मंचाकडे जावं लागे. नागपूरला फोन घेतला तर नागपूर. बंगळूरच्या कंपनीकडून मागवला तर तंटा कुठे चालवायचा यावरच पहिला तंटा. नव्या कायद्याने सांगितलं, की ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे त्याला तक्रार करता येईल. म्हणजे फोन नागपूरचा असो, रायपूरचा असो की घरबसल्या मागवलेला असो, सालेकसाच्या माणसाची तक्रार गोंदियाच्या आयोगाने ऐकायची. खेटे घालायचे असतील तर आता कंपनीच्या वकिलाने घालावेत!

खर्च? वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. एवढ्या किमतीचा मोबाइल तुमच्या-माझ्या घरात यायचा नाही, तेव्हा ती चिंता सोडा. वकील लागतोच असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येते. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी मागणीही करता येते. मुदत मात्र पाळायला हवी. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जायचं असतं. आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, नवा फोन द्यायला सांगू शकतो, पैसे व्याजासह परत करायला लावू शकतो, आणि झालेल्या त्रासाची भरपाईही देववू शकतो. बुडालेल्या रोजीचा आणि गाडीभाड्याचा हिशेब म्हणून लिहून ठेवायचा. तिकिटं फेकून देऊ नका. कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेत तपासावं लागलं तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणूनच पत्र आणि १९१५ या पायऱ्या गाळू नयेत.

आता तुम्ही विचाराल, "पण फोन बाबांनी घेतला आणि वापरतो आम्ही. मग आम्ही कोण?" छान प्रश्न. कायद्याच्या भाषेत तुम्हीसुद्धा ग्राहकच. पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा तोही ग्राहक. वय १८ पेक्षा कमी असेल तर तुमच्या वतीने आई, बाबा किंवा कायदेशीर पालक तक्रार करतात. तेव्हा ताईच्या फोनची तक्रार ताईची म्हणूनही उभी राहू शकते. मात्र घेतलेला फोन दुसऱ्याला विकून नफा कमवायचा असेल तर तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी!

घरबसल्या मागवलेल्या फोनची तऱ्हा थोडी वेगळी. त्यासाठी २०२० साली स्वतंत्र नियम झाले. माल सदोष निघाला, जाहिरातीत सांगितला तसा नसला, तर विकणाऱ्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. त्याचं नाव संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. पार्सल फोडताना घरातल्या एकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढावा. खोक्यात फोनऐवजी साबणाची वडी निघाली तर त्या व्हिडिओशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही.

कंपन्या स्वतःहून माल परत घेतात का? घेतात, जेव्हा प्रकरण अंगाशी येतं तेव्हा. तुमच्या आई-बाबांना नोकियाची बीएल-५सी बॅटरी आठवत असेल. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या काही बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, त्या फुकट बदलून देऊ. जगभरात अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या होत्या! आपल्याकडेही लोक फोन उघडून बॅटरीवरचे आकडे वाचत बसले होते. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ ने पेट घ्यायला सुरुवात केली, तेव्हा २५ लाख फोन परत बोलवावे लागले आणि पुढच्याच महिन्यात ते मॉडेल बंद झालं. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी विकलेला माल परत घेतला, आणि तेव्हा कोणी त्यांना ती तिसरी पाटी दाखवली नाही.

या आठवड्याचं काम सोपं आहे. घरातल्या प्रत्येक फोनचं बिल शोधा. सापडलं तर झेरॉक्स काढा, आणि त्याच्यावरचा आयएमईआय वरच्या गणिताने तपासा. बेरजेला १० ने भाग गेला नाही तर आधी बेरीज पुन्हा करा. मग फोनवर *#०६# दाबून आकडे ताडून बघा. तरीही जुळलं नाही, तर बिल घेऊन दुकानात जा, दुरुस्त करून मागा. आणि बिल सापडलंच नाही, तर ज्या दुकानातून फोन घेतला तिथे बाबांबरोबर जा आणि दुसरी प्रत मागून बघा. फोन चांगला चालतोय तोवर दुकानदारही गोडच बोलतो.